नवशिक्या दुकानदारासाठी ऑनलाइन पेमेंट : मंगळवेढा आवृत्ती

ही मार्गदर्शिका मंगळवेढ्यात किंवा तालुक्यातल्या एखाद्या गावात किराणा दुकान, पानपट्टी, चहाची टपरी चालवणाऱ्यांसाठी आहे. वाचण्याआधी हात धुऊन घ्यावेत. गुळानं चिकटलेला अंगठा मोबाइल ओळखत नाही. ॲप बनवणाऱ्याच्या डोक्यातला दुकानदार खुर्चीत बसलेला असतो, त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, डोळ्यांवर चष्मा असतो आणि समोर एकच गिऱ्हाईक असतं. तुम्ही तसे नसाल तर चूक तुमची.

पायरी पहिली : नोंदणी

कंपनीचा पोरगा दुपारी येतो आणि "दोन मिनिटांचं काम आहे, मालक" म्हणतो. आधार, पॅन, पासबुक घेतो, तुम्हाला दुकानापुढं उभं करून फोटो काढतो. मग ओटीपी येतो. तो तुमच्याकडं येत नाही. बँकेला दिलेला नंबर थोरल्या मुलाचा आहे, मुलगा चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला आहे आणि त्याचा मोबाइल गेटवर जमा आहे. शिफ्ट सुटून तो फोन हातात घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. सबब, पहिली पायरी रविवारी करावी.

पायरी दुसरी : ॲप उघडणे

तुम्हाला एकच गोष्ट बघायची आहे : आत्ताचे साठ रुपये आले का? स्क्रीनवर मात्र आधी कर्ज दिसेल. त्याखाली विमा, मग सोनं, मग खरवडायचं बक्षीस. त्यात रिचार्जवर वीस रुपये सूट निघेल, ती कधी वापरायची ते बारीक अक्षरात लिहिलेलं असेल. साठ रुपये तळाला कुठंतरी असतील.

ही मांडणी वेंधळेपणातून आलेली नाही. 1 जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही. व्यवहार फुकट झाला. दुकानदाराच्या दृष्टीनं उत्तमच झालं. पण मग कंपनीनं कमवायचं कशावर? पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या पेटीच्या भाड्यावर आणि तुम्हाला विकलेल्या कर्जावर. म्हणून कर्ज वर आणि जमा खाली. तुम्ही पैसे मोजायला ॲप उघडता आणि ॲप तुम्हाला गिऱ्हाईक समजतं.

पायरी तिसरी : बोलणारी पेटी घेणे

इथं थट्टा थोडी बाजूला ठेवतो. या सगळ्या पसाऱ्यात दुकानदाराचा विचार करून केलेली वस्तू एकच आहे, ती म्हणजे ही पेटी. तिला स्वतःचं सिम असतं, त्यामुळं तुमचा मोबाइल नातवाकडं गेमसाठी गेला असला तरी चालतं. मराठीत रक्कम सांगते, मोठ्यानं सांगते. वाचता येण्याची अट नाही, चष्म्याची नाही, हात मोकळा असण्याची तर नाहीच. मागं तेल मापत असलेल्या बाईंनाही कळतं की पैसे आले. दुकानदाराचा कान रिकामा असतो एवढी साधी गोष्ट ज्यानं ओळखली, त्यानं आयुष्यात एकदा तरी गल्ल्यावर बसून पाहिलं असणार. महिन्याचं भाडं खात्यातून आपोआप कापलं जातं. ते मात्र पेटी मोठ्यानं सांगत नाही.

पायरी चौथी : पैसे अडकणे

गिऱ्हाईक म्हणतं, "गेले की माझे." पेटी गप्प. रांगेत चार माणसं, दारात एसटीची वाट बघणारी आणखी दोन. अशा वेळी मोबाइल आकाशाकडं धरण्याची पद्धत आहे. धरावा, निदान दोघांनाही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मंगळवेढ्याला असला व्यवहार नवा नाही. इथल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. तेव्हा विठोबानं विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या बादशहाकडं धान्याचे पैसे भरले आणि पावती घेतली, अशी कथा आहे. भरणारा तिसराच, रक्कम पूर्ण, पावती जागेवर. आपल्याकडं आता रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे : दुकानातलं यूपीआय पेमेंट अडकलं तर व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, त्यापुढं दिवसाला 100 रुपये भरपाई. नियम चांगला आहे. फक्त पैसे गिऱ्हाइकाला परत मिळतात, आणि तुमच्या मालदांडी ज्वारीच्या भाकरी तोवर खाऊन झालेल्या असतात. 12 एप्रिल 2025 ला तर देशभर यूपीआय अडखळलं होतं. त्यामुळं गल्ल्यातले सुट्टे पैसे आणि उधारीची वही, दोन्ही फेकू नका.

पायरी पाचवी : फसणे

ती टाळता येते. कुणी "दादा, पैसे पाठवलेत, तेवढा पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला चहा पाजा, माल देऊ नका, कारण तसला फोटो बनवून देणारी खोटी ॲप्स आहेत. सकाळी दुकान उघडलं की आपल्या स्कॅनरवर कुणी दुसरा चिकटवून गेलेलं नाही ना, हे नखानं बघा. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात.

फसवणुकीखेरीज दुसरी भीती कराची. जुलै 2025 मध्ये बंगळुरूत यूपीआयची जमा बघून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि काहींनी स्कॅनर काढून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. आपला तालुका कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून कुणीतरी तुम्हालाही घाबरवेल. तंबाखू, पानमसाला असे अपवाद सोडले तर फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीची आहे, आणि ती रोखीलाही तेवढीच लागू आहे. खरेदीची बिलं जपून ठेवा.

आणि वाचणारे तुम्ही दुकानदार नसून गिऱ्हाईक असाल, तर एवढंच करा : पेटी बोलेपर्यंत दुकानाची पायरी उतरू नका.