पनवेलचा दक्षिण ध्रुव

आषाढ अर्धा सरला की मला अमुंडसेन झाल्यासारखं वाटू लागतं. तोवर मिठाला पाणी सुटलेलं असतं, चपलांवर हिरवी लव आलेली असते, वडाळे तळ्याची सकाळची फेरी बंद पडलेली असते आणि गाढी नदीचं पाणी कुठवर आलं हे सांगायला शेजारी वेळीअवेळी बेल वाजवत असतो. घरात कोंडलेल्या माणसाला एक तर भजी सुचतात, नाही तर तत्त्वज्ञान. भजी डॉक्टरांनी बंद केली आहेत.

वास्तविक जूनमध्ये मी पर्जन्यप्रेमी असतो. तशी नोंद राहावी म्हणून पहिल्या सरीत गच्चीवर भिजतो आणि फोटो विनिपेगच्या लेकीला पाठवतो. तिच्याकडे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो, बर्फ महिनोन् महिने हलत नाही. "बाबा, तुम्हाला निदान खिडकी तरी उघडता येते," ती म्हणते. "पाऊस आत येतो," मी लगेच ठणकावतो. दुःखातही माझा पहिला नंबर गेलेला मला खपत नाही.

शिवाय आमचा पाऊस साधा नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढायला लागले की त्यांचा दम निघतो आणि ओझं ते आमच्या डोक्यावर उतरवतात. १९०७ पासून डोंगर चढणारी माथेरानची गाडीसुद्धा पावसाळ्यात नेरळची वाट बंद ठेवते. तिथे माझ्या गुडघ्यांनी कुणाला काय सिद्ध करून दाखवायचं?

तर अमुंडसेन. 'बेल्जिका' नावाचं जहाज १८९८ साली अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात रुतलं, ते वर्षभर. पुढे दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणारा अमुंडसेन तेव्हा त्या जहाजावर अधिकारी होता. दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवलाच नाही. माणसं खंगली, चिडली, एकमेकांची तोंडं चुकवू लागली. जहाजाभोवती गोल गोल चालत राहायचं आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळातली फेरी म्हणायचं, एवढीच करमणूक. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक मात्र खमके. त्यांनी आजाऱ्यांना उघडं करून धगधगत्या शेगडीसमोर उभं केलं आणि पेंग्विनचं ताजं मांस खायला लावलं. कप्तानाला ती चव मुळीच सोसेना. पण खाणाऱ्यांच्या तब्येती सुधारू लागल्या. चव आणि औषध यांचं वैर आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या धूतपापेश्वरच्या आमच्या गावाला काय नवीन! आम्ही लहानपणी काढे प्यायलो, त्यापुढे पेंग्विन म्हणजे पक्वान्न.

ही हकिकत मी दर पावसाळ्यात घरी सांगतो. यंदा शेगडीचा प्रयोग करून बघावा म्हटलं, तर बायको म्हणाली, "सिलिंडरचा भाव माहीत आहे का? आणि उघडे उभे राहणार असाल तर आधी ते ओले टॉवेल तरी वाळवा." दिवाणखान्यात त्या वेळी तीन दोऱ्या होत्या आणि सर्वांत लांब दोरीवर आईचं नऊवारी पसरलं होतं. त्याखालून वाकत वाकत मी माझी फेरी सुरू केली. दिवाणखाना, स्वयंपाकघर, पुन्हा दिवाणखाना.

"अरे, किती येरझाऱ्या घालशील?" खिडकीशी बसलेली आई म्हणाली. "आश्विनात जाईल पाऊस. मग जा की तळ्यावर."

ती सहज बोलली. पण आश्विनात ती कुठे जाणार? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिला खुर्चीत बसवून खाली नेलं होतं, तेवढंच. त्यानंतर तिचं पनवेल खिडकीएवढंच. भाजीवाली आज उशिरा का आली, हे मला तिच्याकडूनच कळतं. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय दर वर्षी निघतो. तळमजला विचारतो, आम्ही पैसे का भरायचे? पहिला मजला म्हणतो, आम्हाला व्यायाम होतो. मग विषय 'पुढील सभेत' जातो आणि सगळे चहा घेतात. चार महिने कोंडलेला माणूस कंटाळला की त्याची चौकशी होते. वर्षानुवर्षं कोंडलेल्याला 'आता वय झालं' म्हणून मोकळं होतात. या वाक्यरचनेचा मला फार राग येतो, कारण ती मीही बिनदिक्कत वापरत आलो आहे.

यंदाच्या सभेसाठी मी भाषण लिहिलं. सुरुवात अर्थातच १८९८ पासून. आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बर्फ काढून टाक. एकूण खर्च किती, तळमजल्याला सूट किती आणि बँक कर्ज देते का, एवढंच बोल. आणि आधी वहीत आकडे मांड."

आकडे मांडले आहेत. बेल्जिकाही काढली. पेंग्विनचं वाक्य मात्र मी ठेवणार आहे; तळमजल्याला कडू औषध पाजायचंय, उदाहरण नको?