कारण: आजारी नातेवाईक

माझ्या मेहुण्याचं ठाण्यात एक घर आहे. त्याबद्दल तो फारसं बोलत नाही. बोलतो ते दुसऱ्या घराबद्दल. "आमचं सेकंड होम आहे, सुरगाणा साइडला," हे वाक्य तो लग्नात, मयतीत आणि लिफ्टमध्ये सारख्याच सहजपणे टाकतो.

यातला 'साइडला' हा शब्द खरा आहे. 'आमचं' हा नाही. सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या टोकाचा, गुजरातला चिकटलेला आदिवासी तालुका. तिथली आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला अशी सहजासहजी घेता येत नाही; जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ दारात उभं असतं. मेहुण्याला हे कळलं तोवर त्याने ग्रॅनाइटवर 'विसावा' अशी पाटी कोरून घेतली होती. पाटी वाया जाऊ नये म्हणून त्याने बोरगावच्या बाजूला एका पाड्यावर, निवृत्त गुरुजींच्या दोन कौलारू खोल्या अकरा महिन्यांच्या भाडेकराराने घेतल्या. पाटी लागली. दर अकरा महिन्यांनी नव्याने आपलं होणारं असं हे घर. गुरुजी शेजारीच राहतात. ते या वास्तूला 'मागल्या खोल्या' म्हणतात.

मार्च २०२० मध्ये देशाला कुलूप लागलं आणि मेहुणा ठाण्यातल्या घरात अडकला. चार महिने त्याने भांडी घासली, काढे प्याले, बाल्कनीतून थाळी वाजवली. जुलै उजाडला. आषाढात गुरुजींनी हिरव्या डोंगराचा एक फोटो पाठवला आणि खाली निरागसपणे लिहिलं, "पाऊस चांगला आहे." त्या रात्री मेहुण्याचा मला फोन आला.

"भाऊजी, घर बोलावतंय."

"कुठलं?"

"असं काय करता! आपलं."

मी नाशिकला राहतो. नाशिकहून सुरगाण्याला जाणं म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. त्याला पास लागत नव्हता. ठाण्याहून नाशिकला यायला मात्र ई-पास हवा. पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, फोटो चढवायचा, सर्दी-खोकला नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं आणि प्रवासाचं कारण द्यायचं. मेहुण्याने पहिल्यांदा कारण लिहिलं, 'घराची पावसाळी देखभाल'. नामंजूर. दुसऱ्यांदा लिहिलं, 'मानसिक स्वास्थ्य'. नामंजूर. तिसऱ्या वेळी तासाभरात पास आला. त्याने तो रंगीत छापून लॅमिनेट करून घेतला आणि माझ्या दारात उभा राहून झेंड्यासारखा फडकवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'आजारी नातेवाईक'.

"कोण आजारी आहे?" मी विचारलं.

"तुम्ही," तो म्हणाला. "सिरीयस नाही. मध्यम."

बायकोने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि भावाला म्हणाली, "तसा यांचा चेहरा पासला शोभण्यासारखाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. गाडीत तीन मास्क, पाच लिटर सॅनिटायझर, ऑक्सिमीटर, वाफेचं यंत्र, आर्सेनिकच्या गोळ्या आणि दहा किलो तांदूळ. तांदूळ पिकतो त्या गावाला तांदूळ घेऊन निघालेले आम्ही पहिलेच असू. दिंडोरी गेली. द्राक्षबागा छाटणीची वाट बघत उभ्या होत्या. वणीला नेहमीचा भजी-चहाचा थांबा बंद. उजवीकडे सप्तशृंगीचा डोंगर ढगात होता आणि देऊळ कुलपात. देवीसुद्धा घरात होती. रस्त्यावर आम्हीच.

घाट लागताच बायकोने न राहवून विषय काढला. "एप्रिलमध्ये ते वाधवान गेले होते ना महाबळेश्वरला?"

मेहुण्याने आरसा नीट केला. प्रकरण सगळ्यांना पाठ होतं. सगळा देश घरात बसलेला असताना डीएचएफएलचे वाधवान बंधू खंडाळ्याहून महाबळेश्वरच्या आपल्या बंगल्याकडे निघाले. पाच गाड्या, तेवीस माणसं आणि गृह खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र. पत्रात कारण होतं कौटुंबिक निकडीचं. वाटेतले नाके पत्र बघून वर झाले. सातारा जिल्ह्यात मात्र ते अडकले. मंडळी पाचगणीला विलगीकरणात आणि सही करणारे अधिकारी सक्तीच्या रजेवर.

"त्यांची गोष्ट वेगळी," मेहुणा म्हणाला. "ते तेवीस होते."

"आणि त्यांच्यात आजारी कोणी नव्हतं," मी म्हणालो. या वाक्याचा अर्थ मला तीन तासांनी कळला.

रस्ता पुढे हातगडाखालून सापुताऱ्याला जातो. १९६० मध्ये दोन राज्यं झाली तेव्हा डांग आणि सापुतारा तिकडे गेले, हातगड इकडे राहिला. गुजरातेत दारूबंदी; त्यामुळे थंड हवेसाठी तिकडे आणि थंड पेयासाठी इकडे, असा या सीमेवरचा वर्षानुवर्षांचा पर्यटन-शिष्टाचार. त्या दिवशी मात्र दोन्ही राज्यं सारखीच कोरडी होती आणि पाऊस तेवढा दोन्हीकडे पास न काढता ये-जा करत होता. माझ्या मोबाइलने आम्हाला न विचारताच सीमा ओलांडली आणि 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' असा संदेश दाखवला. दिवसभरात आमचं स्वागत करणारा तो पहिला आणि शेवटचा.

पाड्याकडे वळलो. एक फरशी पूल ओलांडला. चाकं अर्धी पाण्यात. पुढच्या वळणावर बांबू आडवा होता. एका टोकाला दगड, दुसऱ्याला दोरी, शेजारी मेणकापडाचा आडोसा, त्यात एक टेबल, एक वही आणि तोंडाला पंचे बांधलेली दोन पोरं. सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होतं. मला क्षणभर वाटलं, ते परत चालू झालं.

"कुठून आले?" एकाने विचारलं.

"घरी चाललोय," मेहुणा म्हणाला.

"ते जायचं झालं. आले कुठून?"

"ठाण्याहून. पण आम्ही बाहेरचे नाही. 'विसावा' आमचंच."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "गुरुजीच्या मागल्या खोल्या," दुसरा म्हणाला, आणि पहिल्याने वहीत तसंच लिहिलं.

तोवर पोलीस पाटील आले, आशाताई आल्या, डोक्यावर इरलं घेतलेली एक आजी आली. आवणीचे दिवस; चिखलाचे पाय तसेच. आशाताईंनी कपाळावर बंदूक रोखून तापमान घेतलं. तिघंही गार. पाटील समजुतीने म्हणाले, "साहेब, ठाण्याचे आकडे आम्ही रोज टीव्हीवर पाहतो. इथं कोणी जास्त झालं तर नाशिकच्या सिव्हिलशिवाय इलाज नाही. रात्री, पावसात, गाडी कुठून आणायची? तुम्ही पावसाळा झाल्यावर या ना."

हे इतकं रास्त होतं, की इथे कोणीही शहाणा माणूस नमस्कार करून गाडी वळवता. मेहुण्याने पास काढला.

"हे सरकारी आहे," तो म्हणाला. "महाराष्ट्र पोलीस. क्यूआर कोडसकट."

पोरगा शिकलेला निघाला. त्याने पास दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि मोठ्याने वाचला. "प्रवासाचं कारण: आजारी नातेवाईक."

पावसाचा आवाज एकदम वाढल्यासारखा वाटला.

"कोण आजारी?" पाटलांनी विचारलं.

मेहुण्याचं बोट सवयीने माझ्याकडे गेलं.

पुढची हालचाल मी कवायतीतही पाहिली नव्हती. सगळा पाडा एकाच वेळी तीन पावलं मागे सरला. आजीने इरल्याची कड तोंडावर ओढली. मी घाईघाईने सांगू लागलो, की मला काही झालेलं नाही, हा आजार कागदावरचा आहे. पण हे सांगताना मला ठसका लागला. जुलैच्या पावसात, मास्कच्या आत, भजी न मिळालेल्या माणसाला लागतो तो साधा ठसका. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

गाडी वळवायचं ठरलं, पण निरोप आला की फरशीवरून पाणी चाललंय. पुढे बांबू, मागे पूर. पाटलांनी दोन मिनिटं आभाळाकडे पाहिलं आणि निकाल दिला: चौदा दिवस, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

शाळा मार्चपासून बंदच होती. आम्हाला तिसरीचा वर्ग मिळाला. भिंतीवर पाढे, हात धुण्याची पायऱ्या-पायऱ्यांची चित्रं आणि महाराष्ट्राचा नकाशा. नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओल आली होती, म्हणजे आम्ही नेमके जिथे होतो तिथे. आणि खिडकीतून, शेताच्या दोन बांधांपलीकडे, ग्रॅनाइटच्या पाटीसकट 'विसावा' स्पष्ट दिसत होता. पाऊस वाढला तशा गुरुजींनी आपल्या चार शेळ्या त्याच्या ओसरीवर बांधल्या.

"भाऊजी, ती काळी शेळी माझ्या झोपाळ्यावर चढलीय," मेहुणा खिडकीच्या गजांना धरून म्हणाला.

"ती बाहेरची नाही," बायको आतून म्हणाली.

रोज सकाळ-संध्याकाळ कोणीतरी दाराबाहेर वीस पावलांवर टोपली ठेवून हाक मारायचं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, कधी टाकळ्याची तर कधी कर्टुल्याची भाजी. आमचे दहा किलो तांदूळ तसेच राहिले. पैसे विचारले तर पाटील म्हणाले, "शाळेत जेवणाचे पैसे कोण घेतं?" तिसऱ्या दिवसापासून मेहुणा ऑफिसच्या मीटिंगा वर्गातून करू लागला. रेंज फक्त फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात यायची, तेव्हा तो बाकावर उभा राहून बोलायचा. साहेबांना पडद्यावर त्याच्या मागे 'बे एके बे' दिसायचं.

बांबूवरचा शिकलेला पोरगा संध्याकाळी लांबून गप्पा मारायला यायचा. तो वापीला कंपनीत होता. मार्चमध्ये कंपनी बंद झाली, तेव्हा काही वाट पायी, काही टेंपोने घरी आला होता.

"मग तुला येऊ दिलं?" मेहुण्याने विचारलं, आवाजात थोडा वकील होता.

"दिलं ना. चौदा दिवस शेतातल्या झोपडीत. आई भाकर बांधावर ठेवून जायची. लांबूनच रडायची."

मेहुणा गप्प झाला. इथल्या निम्म्या घरांना अशी दुसरी घरं असतात, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाची, गुजरातेत बांधकामाच्या कडेला पत्र्याची. भात-नागली घरात आली की माणसं तिकडे जातात, पाऊस लागला की परततात. त्यांच्यावर कोणी ग्रॅनाइट लावत नाही, एवढंच.

नवव्या दिवशी आजी आली. वीस पावलांवर उकिडवी बसली आणि मेहुण्याला म्हणाली, "तुमचं ठाणं पाहिलंय मी."

"कधी?"

"मोर्च्यात. चालत."

मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा तो लाँग मार्च. ६ तारखेला नाशिकहून निघालेला, सुरगाणा-पेठच्या माणसांनी भरलेला, लाल टोप्यांचा. मेहुण्याला एकदम उमाळा आला. "मी पाहिला होता, आजी! हायवेवरून!"

"तुमच्या लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली," आजी म्हणाली. "मुंबईत पोचलो, तर म्हणे सकाळी पोरांची दहावीची परीक्षा आहे. गाड्या अडतील. मग रात्रीच उठलो नि चाललो. पोरं झोपेत असताना मैदानात जाऊन बसलो." ती थोडी थांबली. "पायाला फोड होते. पण दुसऱ्याच्या गावात जायचं म्हणजे विचार करावा लागतो ना, बाबा."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत हजारो माणसं रात्रीतून चालत गेली, हे आम्ही तेव्हा वाचलं होतं, फॉरवर्डही केलं होतं. आणि आम्ही तिच्या गावात आलो ते भरदिवसा, हॉर्न वाजवत, क्यूआर कोडसकट.

पंधराव्या दिवशी आशाताईंनी आम्हाला निरोगी ठरवलं. पाण्याची पातळीही उतरली होती. मेहुण्याला वाटलं, आता 'विसावा'मध्ये दोन दिवस काढावेत. पण साहेबांनी ठाण्यात बोलावलं होतं. तो फक्त ओसरीपर्यंत गेला. काळी शेळी झोपाळ्यावरून उतरली नाही. गुरुजींनी बिनदुधाचा चहा पाजला आणि म्हणाले, "करार संपत आलाय. पुढचा करू ना. फक्त निघण्याआधी एक फोन करत जा."

नाक्यावर पोराने बांबू वर केला आणि वहीत आमच्या नावापुढे 'गेले' असं लिहिलं. दहा किलो तांदूळ आम्ही शाळेत ठेवून आलो.

त्याच सुमारास कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना १२ ऑगस्टच्या आत पोहोचा आणि दहा दिवस वेगळे राहा, असं सांगण्यात आलं. ते वाचून मी मेहुण्याला फोन करणार होतो, की बघ, गणपतीलासुद्धा हाच नियम. पण त्याआधीच, तो ठाण्याला पोहोचला त्याच रात्री, त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"भाऊजी, सोसायटीने गेटवर अडवलंय. वॉचमनने वही काढलीय. सेक्रेटरी म्हणतात, नाशिक जिल्ह्यातून आलात, चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, दाराला स्टिकर लागणार."

"बरं मग? घरीच आहेस ना. पहिल्या घरी."

"हो, पण आता ते लिफ्टसुद्धा वापरू देत नाहीयेत. जिन्याने जा म्हणतात. सातवा मजला!"

"असं का?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मला शंका आली.

"पास दाखवलास?"

"लॅमिनेट केलेला होता, भाऊजी," तो म्हणाला.