झेरॉक्सकाकांना अनावृत पत्र

शाळेच्या फाटकासमोरचे माननीय झेरॉक्सकाका यांस,



आपले आभार कसे मानावेत तेच कळत नाही. मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं असं शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 29 सांगतं. आम्ही मास्तरमंडळी त्यासाठी प्रशिक्षणं घेत बसलो. आपण 'सर्व इयत्तांचे प्रकल्प तयार मिळतील' अशी पाटी लावून विषयच संपवलात. कृष्णधवल वीस, रंगीत पन्नास, स्पायरलचे वेगळे.

'आपला राज्यपक्षी' तर काय वर्णावा! हिरव्या अंगाचा, पिवळ्या पायांचा हरियाल वीस रुपयांत राखाडी झाला. दोघांनी चित्राखाली 'कबूतर' लिहिलं. हरियाल कबुतराच्याच कुळातला, त्यामुळे गुण कापायचीही सोय नाही.

एका मुलीने आपला मजकूर वर्गात खड्या आवाजात वाचला. "हा पक्षी थव्याने राहतो, संदर्भ हवा." मी विचारलं, "कुणाला हवा गं?" ती म्हणाली, "काकांना." विकिपीडियावरचं पान चौकटी कंसांसकट उचलण्यातला आपला प्रामाणिकपणा मला फार भावला.

मी आपली जुन्या वळणाची. अकारविल्हे म्हणजे काय, सूची कशी बघायची, दोन ठिकाणी वाचून स्वतःच्या चार ओळी कशा लिहायच्या, असलं काहीबाही शिकवते. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो हेही दाखवलं. पण फुकटच्या माहितीला स्पायरल कुठून येणार?

संगणकाच्या तासाला विचारलं, "माहिती कशी शोधायची?" अख्खा वर्ग एका सुरात, "काकांना विषय सांगायचा!" एकाचा हात तेवढा माऊसकडे गेला. तोही माऊस बाजूला सारून प्रिंटर कुठे ठेवलाय ते बघायला. (आमच्याकडे प्रिंटर नाही. संगणकही उन्हाळाभर प्लॅस्टिकच्या आवरणाखाली विश्रांती घेत असतात; पण ते गाऱ्हाणं दुसऱ्या दरबारातलं.)

आपल्या प्रतिभेचा कळस मात्र 'आजीची मुलाखत'. मी भाबडेपणाने सांगितलं होतं, आजीजवळ बसा, ती लहानपणी काय खेळायची ते विचारा, ती बोलेल तसं लिहा. वह्या आल्या, तेव्हा समजलं की चौथी 'ब'च्या सगळ्या आज्या एकाच खेड्यात जन्मल्या, सागरगोटे खेळल्या आणि 'आमच्या काळी मोबाइल नव्हते' असं एकमुखाने म्हणाल्या. एवढी एकी मी महिला मंडळातसुद्धा पाहिली नाही. त्यातल्या एक आजी सुट्टीच्या वेळी फाटकाशी भेटल्या. त्या गोदीकामगाराच्या लेक, वाढल्या माझगावच्या चाळीत, आणि गल्लीतल्या पोरांबरोबर विटीदांडू खेळायच्या. हे सगळं त्या मला उभ्या उभ्या सांगत होत्या. हातात आपल्या दुकानाची पिशवी. नातवाची मुलाखत घ्यायला त्या स्वतःच आल्या होत्या. वीस रुपये मोजून!

आईवडिलांना मी बोल लावत नाही. रात्री नऊला पोराला प्रकल्प आठवतो, आणि तेव्हाही आपलं शटर अर्धं उघडं असतं. शिवाय व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. एवढी तत्परता आमच्या शिक्षण खात्यात कुठली?

एक नम्र विनंती. पुढच्या आठवड्याचा विषय आहे 'परिसरातील व्यावसायिकाची मुलाखत'. मुलांनी प्रश्न स्वतः काढलेत आणि सगळ्यांनी एकमताने आपलीच निवड केली आहे. पहिला प्रश्न : "काका, तुम्ही शाळेत असताना तुमचे प्रकल्प कोण करायचं?" उत्तरांची प्रत आपण तयार ठेवालच. फक्त जन्मगाव तेवढं आपलं स्वतःचं घालावं.

आपली कृपाभिलाषी,
वर्गशिक्षिका, चौथी 'ब'