आवर्तन सुटलं

आबांची पहिली भारी पेटी चुकीच्या देवळालीला गेली.

कोलकात्याहून निघालेल्या पार्सलवर 'देवळाली प्रवरा, तालुका राहुरी' असं ठळक लिहिलेलं होतं. तरी ते उतरलं नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात. आबा जीप काढून गेले आणि तोफखान्याच्या शेजारून पेटी सोडवून आणली. इंग्रजांच्या काळी त्या छावणीत मायदेशी परतणारे सोल्जर बोटीची वाट बघत पडून असायचे. वाट बघून बघून काहींचं डोकं फिरायचं, म्हणून चक्रम माणसाला इंग्रजीत 'डुलॅली' म्हणायला लागले. हे मी काकूंना सांगितलं. काकूंनी ओट्यावरच्या खोक्याकडे एकदा पाहिलं.

"मास्तर, शब्द बरोबर आहे. देवळाली चुकली त्यांची."

आमचं गाव तसं हौशी. कुणाला शर्यतीच्या बैलांची हौस, कुणाला बुलेटची, कुणाला नगरपरिषदेच्या निवडणुकीची. यातली शेवटची सगळ्यांत महाग. आबांना वाद्यांची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आबांच्या हौसेला पक्कं बिल असतं आणि त्याची तारीख उसाच्या हप्त्याच्या तारखेला बरोबर जुळते. हप्ता खात्यावर पडला की आबा दोन दिवस गप्प गप्प असतात. तिसऱ्या दिवशी ते बाहेरगावी जातात. काकू त्या दिवशी स्वयंपाक एका माणसाचाच करतात आणि माळ्यावर जागा करून ठेवतात.

आबांना पेटी शिकवणाऱ्या श्रीरामपूरच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी साधी पेटी घ्या. हात बसला की चांगली घेऊ." आबांना हे पटलं नाही. "पाभर वाकडी असली तर तास सरळ पडतं का?" आबा म्हणाले. "अवजार चांगलं पाहिजे." गुरुजींकडे पाभर नव्हती, त्यामुळे त्यांना उत्तर सुचलं नाही.

अवजार मात्र खरंच चांगलं आहे. सागवानी पेटी, साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या. खर्ज, नर, मादी असे तीन सुरांचे संच, तेही जर्मन. शिवाय स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्यांची अख्खी फळी उचलून सरकवायची आणि गवयाचा सा लागेल तिथे बसवायची. आबांकडे गवई येत नाहीत, पण फळी रोज सरकते. पाहुणा आला की आबा आधी पेटीवरचा मखमली कपडा घडी घालून बाजूला ठेवतात, मग वरचं झाकण उघडून सूर दाखवतात, पितळेच्या पट्टीवर नखानं हलकेच टिचकी मारतात. मग कपलर ओढतात आणि एक पट्टी दाबतात. शेजारच्या सप्तकातली त्याच सुराची पट्टी आपोआप खाली बसते. "एकावर एक फुकट," आबा म्हणतात. ब्याऐंशी हजारांच्या वस्तूत तेवढंच फुकट.

यानंतर इतिहास. चहा येईपर्यंत आबा पॅरिसपासून निघतात, चहा संपेपर्यंत आकाशवाणीला पोचतात. 1842 च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेली ही पेटी, पायानं भाता मारायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास ती मांडी घालून हातानं वाजवण्याजोगी केली. पुढे 1940 साली आकाशवाणीनं तिला दारच बंद केलं, कारण तिच्यावर मींड निघत नाही आणि श्रुती सांभाळता येत नाहीत. "मींड मला तरी कुठं येते?" आबा उदारपणे म्हणतात. ही बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं.

"घाई केली," आतून काकू.

एवढं सगळं झाल्यावर पाहुणा म्हणतो, "आता काही तरी ऐकवा." इथे आबांचा चेहरा जरा उतरतो. ते एका भजनाचा मुखडा वाजवतात. मुखडा खरोखर सुरेख वाजतो. दुसऱ्यांदा वाजतो, तिसऱ्यांदाही वाजतो. अंतरा बहुधा पुढच्या हप्त्याला येणार असावा.

पेटीला साथ पाहिजे म्हणून पुढच्या वर्षी मिरजेहून तानपुरा आला. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आबांनी ते पेपरात वाचलं हे काकूंचं दुर्दैव. सितारमेकरांच्या गल्लीत आबांनी किंमत विचारली तेव्हा त्यांच्यातला शेतकरी जागा झाला. "भोपळ्याचे एवढे?" कारागिरानं शांतपणे सांगितलं की हा भोपळा पंढरपूरकडचा, भीमाकाठचा, तो वेलावरच पुरता पिकू द्यायचा, मग महिनोन् महिने वाळवायचा, साल जाड आणि टणक झाली तरच आवाज धरतो. आबांनी तानपुरा घेतला आणि येताना कुठून तरी मूठभर बियाही आणल्या. बांधावर कडू भोपळ्याचे वेल चढले. प्रवरेच्या उजव्या कालव्याचं पाणी, वर कंपोस्ट. भोपळे घागरीएवढे झाले आणि साल पापडाएवढी. वाळवताना एकेक करून सगळे चिरफळले. एक तेवढा राहिला, त्यात काकू बियाणं ठेवतात. गावातला हा एकमेव वाद्यभोपळा, आणि तो मेथी सांभाळतो.

पखवाजाची गोष्ट दोन वाक्यांत संपते. त्याच्या धुमेला दर वेळी ओली कणीक लावावी लागते, आणि आबांनी ती पहिल्यांदा मागितली तेव्हा घरात सोळा पाहुणे जेवायला बसले होते. पखवाज आता भजनी मंडळाकडे असतो.

आबा वाजवण्यात मागे का पडतात, याचा उलगडा मला गुरुजींच्या क्लासमध्ये झाला. आमच्या भागात 'आवर्तन' हा शब्द गाण्याचा नाही, पाटाचा आहे. भंडारदऱ्याच्या धरणातून पाणी सोडलं, ओझरच्या बंधाऱ्यावरून ते कालव्याला लागलं, की गावभर एकच निरोप फिरतो: आवर्तन सुटलं. मग ज्याचं बारं असेल तो हातातला घास ठेवून फावडं उचलतो. त्या संध्याकाळी गुरुजी हातानं तीनताल धरून होते, आबा मुखड्यात रंगले होते. सम हुकली. गुरुजी वैतागून ओरडले, "आबा, आवर्तन सुटलं!"

आबा उठले, चपला घातल्या आणि मोटरसायकलला किक मारली. राहुरी फॅक्टरीच्या अलीकडे कुठे तरी त्यांच्या ध्यानात आलं. पण अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं कशाला, म्हणून ते तसेच मळ्यात गेले आणि उसाला पाणी कुठवर पोचलंय ते बघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना बजावलं, "सोळा मात्रांत कसलं आवर्तन संपतं? आमचं एकेक आवर्तन किती दिवस चालतं माहितीय?"

इतकं सगळं पाहून मीही आबांना हसायचो. मागच्या हिवाळ्यापर्यंत.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आबांच्या वस्तीवर शेकोटी पेटवून आम्ही बसलो होतो. विहिरीवर मोटार चालू, ओसरीत आबांचा मुखडा चालू. आबा मध्येच म्हणाले, "मास्तर, मोटारीकडं कान द्या. पांढरी पाच. जरा चढी, पण पांढरी पाच." मला वाटलं, काकू म्हणतात ते खरं. घरी येऊन हिशेब केला. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून मोटारीची गुणगुण त्याच्या दुपटीची, 100 कंपनांची. खर्जातली पांढरी पाच 98 ची. आबा बरोबर होते. वीस वर्षं ते फुकटच्या तानपुऱ्याशेजारी झोपत होते आणि विकतचा आणायला मिरजेला गेले होते.

पण तो हिशेब नंतरचा. त्या रात्री दहा-पंधरा मिनिटांनी आबांचा हात मुखड्याच्या मधेच थांबला.

"सूर बदलला."

"पेटीचा?"

"मोटारीचा. घुमायला लागली."

मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. आबा पेटीचा भाता उघडाच टाकून अंधारात पळाले. पेटीवर कपडा न घालता उठलेले आबा मी पहिल्यांदाच पाहिले. खाटकन स्टार्टर पडल्याचा आवाज आला. एक फेज गेला होता. अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारं यंत्र स्टार्टरमध्ये असतं, पण ते सारखं पडतं म्हणून आबांनीच पूर्वी काढून 'डायरेक्ट' केलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर वाइंडिंग जळालं असतं. शेजारच्या मळ्यातली मोटार त्याच रात्री जळाली. तिचा मालक जागाच होता, मोबाईलवर गाणी ऐकत.

आता सकाळी कुणी ना कुणी आबांना बोलवायला येतं. कुणाची बोअर खरखरते, कुणाच्या ट्रॅक्टरचा आवाज बसलाय. आबा कान देतात आणि सांगतात, "बेअरिंग गेलं," नाही तर "काही नाही, चालू द्या." बोटं अजून मुखड्यावरच आहेत. कान मात्र केव्हाच अंतऱ्याला पोचला.

काकूंनी वहीत नोंद केली आहे. मोटार रिवाइंड करायला 5,000 रुपये लागले असते, ते वाचले. पेटी 82,000 ची. म्हणजे आबांनी आणखी पंधरा-सोळा वेळा मोटार वाचवली की पेटी फुकट पडली. तानपुऱ्याचं पान वेगळं आहे.