पिल्लूकाकू

प्रत्येक सोसायटीत एक असतातच. आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. चहा घ्यायला म्हणून येतात, पण कप ओठाला लावायच्या आधी नजर माझ्या खांद्यावरून गॅलरीत. मग तो प्रश्न, "त्याला पिल्लू आलंय का हो?"

स्पायडर प्लांटच्या दोरीला लोंबणारं, कोरफडीच्या बुडाशी फुटलेलं, पीस लिलीच्या गड्ड्यातून निघालेलं, सगळी पिल्लंच. पिल्लू श्रीखंडाच्या डब्यातून येतं. डब्याला खालून तापल्या खिळ्याने भोकं. "डबा परत द्या हं," हे डब्याच्या आधी येतं.

हेही एक वेळ चालेल. पण काकूंच्या गॅलरीत एकाही झाडाला स्वतःचं नाव नाही. रोप ज्याच्याकडचं, त्याचं नाव. सिंगोनियम म्हणजे 'डोंबिवलीची नणंद'. झीझी प्लांट म्हणजे 'विहीणबाई'. "विहीणबाईंना कोपऱ्यात ठेवलं तरी चालतं, पंधरा-पंधरा दिवस पाणी नको. नणंदेचं मात्र फार करावं लागतं." एकदा जिन्यात म्हणाल्या, "जाऊबाई सडल्या हो. मुळापासून. काल कचऱ्यात टाकल्या." मागून येणारा नवा भाडेकरू तेव्हापासून काकू दिसल्या की भिंतीला चिकटून वाट देतो.

मागे एका लग्नात कार्यालयाच्या दारात पिवळ्या किनारीचा स्नेक प्लांट होता. काकूंनी अक्षता टाकल्या आणि जाता जाता एक पान पर्समध्ये. मनी प्लांट चोरून आणला की जोमाने वाढतो म्हणतात. काकूंनी हा नियम समस्त वनस्पतिसृष्टीला लावलाय. पानाचे चार-चार बोटांचे तुकडे केले, खालची बाजू खालीच राहावी म्हणून पेनाने खूण केली (उलटं खोचलं तर मूळ धरत नाही), आणि वाळूत रोवले. दोन-तीन महिन्यांनी पिल्लं आली, पण नुसती हिरवी. ती पिवळी किनार पानाच्या तुकड्यातून उतरत नाही, त्याला मुळासकट पिल्लूच काढावं लागतं. काकूंनी सांगून टाकलं, "मुलीकडचे फसवे निघाले." त्या कुंडीचं नाव अजून 'मुलीकडचे' आहे.

मीही बोलणी खाल्ली आहेत. मनी प्लांटचं एक देखणं पान महिनाभर बाटलीत ठेवून रोज पाणी बदलत होतो. काकूंनी बाटली उजेडात धरली. "पेर कुठाय? पेराशिवाय मूळ फुटणार कुठून, कपाळातून?"

परवा जुलैत संध्याकाळी सातला बेल वाजली. काकू दारातच उभ्या. "आज रात्री तुमच्या आई फुलतायत. दहानंतर या."

मला कळायलाच वेळ लागला. तीन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे शेवटची आली, तेव्हा गावच्या ब्रह्मकमळाची दोन पानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. (आपलं हे कुंडीतलं ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग, हिमालयातलं वेगळं, आणि पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. पण हे आईला कोण सांगणार!) एक पान मला, एक काकूंना. माझं मी त्याच दिवशी ओल्या मातीत खोचलं, ते कुजलं. काकूंनी कापलेली कड चार दिवस सावलीत सुकू दिली आणि मग लावलं. पुढच्या वर्षी आई गेली. गावचं घर विकलं, मागच्या अंगणातलं मूळ झाड त्यातच गेलं.

रात्री काकूंच्या गॅलरीत गेलो. पाच फुलं होती. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. काकूसुद्धा, हे विशेष.

निघताना त्यांनी एक पान कापून हातात दिलं. "चार दिवस सुकू द्या. घाई नको." मी जिना उतरायला लागलो, तर वरून हाक आली. माझ्याकडे त्यांचे तीन डबे आहेत.