इतिहास पोरांच्या हातात द्या

यवतमाळच्या खेड्यातल्या पोराला कापूस वेचणं शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत वावरात गेलं की दुपारपर्यंत तेही ओटा भरतं. पण त्या बोंडातली सरकी हाताने कशी काढायची, पेळू कसा वळायचा, पेळूतून सूत कसं निघतं, हे त्याला दाखवणारं कुणी उरलं नाही. ज्या कापसावर हा जिल्हा उभा राहिला आणि ज्या कापसापायी इथली घरं उद्ध्वस्त झाली, त्याचा इतिहास आपण मुलांना ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये देतो.

इतिहासाचे कार्यक्रम होत नाहीत असं नाही, भरपूर होतात. जयंतीला मुलं सजतात. फेटा भाड्याचा, तलवार पुठ्ठ्याची, भाषण गुरुजींनी लिहून दिलेलं. फोटो निघतात, पाहुण्यांचा सत्कार होतो, मुलं घरी जातात. मुलाने त्यात एक प्रश्न विचारलेला नसतो, एक जुनी वस्तू हातात घेतलेली नसते. तो सजण्याचा कार्यक्रम झाला. त्याला इतिहास म्हणणं थांबवलं पाहिजे.

खरं तर हाताने शिकण्याचा विचार आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम देशापुढे ठेवली. शिक्षणाच्या मध्यभागी काम, हस्तोद्योग. वर्धा इथून दीड-दोन तासांवर. पण त्या विचारातली सूत कातायची तकली आमच्या शाळांत आली ती गांधी जयंतीच्या सजावटीत ठेवायला.

ती तकली एक तास मुलांच्या हातात द्या. सूत तुटेल, गाठी पडतील, दोघं भांडतील. तासाभरात निघालेलं सूत मोजा आणि एका धोतराला किती लागेल याचं गणित मांडा. मग मुलंच विचारतील, की लोक हे काम सोडून गिरणीकडे का वळले? इतका कापूस जायचा तरी कुठे? हे प्रश्न मुलांच्या तोंडून आले की समजावं, इतिहासाचा तास सुरू झाला.

त्यांचं उत्तर यवतमाळच्या रेल्वे स्टेशनात आहे. आपल्या शकुंतला रेल्वेचा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर. किलिक-निक्सन या इंग्रजी कंपनीने तो बांधला, वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांवर आणि तिथून मुंबई बंदरात नेण्यासाठी. या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं होतं. विलायती गिरण्यांचं जे गाव, तिथलंच इंजिन आमचा कापूस ओढायला आलं. १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं, डिझेल इंजिन आलं, पुढे गाडीच बंद पडली. जिथे रूळ अजून शाबूत आहेत तिथे मुलांना टेप घेऊन न्या. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट भरेल. मग मोठ्या गाडीचं अंतर सांगा आणि विचारा, इतकी चिमुकली गाडी का बांधली असेल? पैसा कुणाचा होता आणि नफा कुणाचा? सहावीतलं पोरगं याचं उत्तर शोधू शकतं. आपण त्याला प्रश्नच देत नाही.

यवतमाळला इतिहासाची संस्था नव्हती असंही नाही. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे वकिली सांभाळून आयुष्यभर महानुभाव पंथाच्या पोथ्यांमागे राहिले. १९२५ मध्ये त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ आला आणि त्यांनी उभारलेल्या शारदाश्रमाने या आडगावाला मराठी संशोधनाच्या नकाशावर जागा दिली. पुणे-मुंबईच्या विद्वानांना दखल घ्यावी लागली असं काम या गावात झालं. आज कॉलेजातल्या पोरांना शारदाश्रम विचारा. दहातल्या एकाने जरी नीट सांगितलं तरी मला आनंद होईल.

आणि या पोथ्यांत मुलांसाठी केवढं घबाड आहे! महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले. सकळ लिपी, सुंदरी लिपी. नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून घेतलेलं दुसरंच चिन्ह, म्हणजे बाहेरच्याला पोथी उघडूनही वाचता येणार नाही. शतकानुशतकं हे गुपित टिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे ठेवली आणि मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य लोकांना वाचायला मिळू लागलं. मागच्या बाकावर चिठ्ठ्या फिरवणाऱ्या कोणत्याही पोराला या लिपीचा तक्ता द्या. अर्ध्या तासात ते स्वतःचं नाव लिहील, तासाभरात मित्राला निरोप धाडील. आणि मग चक्रधरस्वामी कोण, हे लोक पोथ्या का लपवत होते, कुणाला भीत होते, हे ऐकायला ते कान टवकारून बसेल. याला ना बस लागते, ना निधी. तक्त्याच्या झेरॉक्सचे पैसे लागतात.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये संग्रहालयच बसमध्ये घालून शाळांच्या दारी नेलं, २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. उत्तम काम आहे. पण यवतमाळने त्या बसची वाट पाहत बसू नये. आपल्याकडे वस्तू आहेत, माणसं आहेत. कमी आहे ती शाळेचं फाटक उघडून त्यांना आत घेणाऱ्यांची.

तांड्यावरच्या आजीला शाळेत बोलवा. बंजारा समाजाने बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेलं, ती लदेणी फौजांनाही पोसत होती. वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते, ते पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातले. आजी गोरबोलीत सांगेल, तिची नात वर्गाला मराठीत सांगेल. जी मुलगी एरवी भाषेपायी गप्प असते, ती त्या दिवशी वर्गाची शिक्षिका होईल. केळापूर-झरीकडच्या कोलाम आणि गोंड मुलांचंही तेच. त्यांच्या घरचा इतिहास पुस्तकात नाही म्हणून तो इतिहास नाही, असा धडा आपण त्यांना रोज न बोलता देतो. हा अन्याय आहे.

हेमाडपंती देवळं लोहाऱ्याला आहेत, तपोन्याला आहेत. चुना न वापरता दगडात दगड कसा अडकवला, ते साबणाच्या वड्या कोरून मुलांना करू द्या. एकीत खाच, दुसरीत उंचवटा. चार वड्या पडतील, पाचवी बसेल. ज्याने हे एकदा केलं, तो जुन्या देवळाला ऑइलपेंट फासणाऱ्या गावकीला मोठेपणी नक्की अडवील.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हाताने इतिहास म्हणजे टेकडी खणणं नव्हे. जुनी नाणी, मूर्ती सापडल्या तर त्या जागच्या हलवायच्या नाहीत, हेही याच तासात शिकवायचं. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा कायदा १८७८ पासून आहे. मोठ्यांना तो माहीत नसतो. मुलांना कळला तर मूर्ती चोरणाऱ्यांची अडचण होईल.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? त्यांची तक्रार खरी आहे. सर्वेक्षणं, याद्या, ऑनलाइन माहिती यांत त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून हे ओझं एकट्या शाळेवर टाकू नये. गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, वाचनालयं आहेत, मोडी वाचणारे चारदोन जाणकार आहेत. तिसरीला बालभारतीचं यवतमाळ जिल्ह्याचं स्वतंत्र पुस्तक आहे. सुरुवात त्या पुस्तकापासून होऊ शकते. महिन्यातून एक शनिवार पुरे.

आणि पहिली तारीख मीच सुचवतो. १० जुलै १९३० ला वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. विदर्भाला समुद्र नाही, मिठाचा सत्याग्रह करणार कुठे? म्हणून इथल्या लोकांनी जंगलाचा कायदा निवडला, कारण गुराला गवत आणि चुलीला काडी हे इथलं मीठ होतं. जुलैत शाळा उघडलेल्या असतात आणि गवतही गुडघाभर आलेलं असतं. पुसद तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनो, त्या दिवशी पाचवी ते सातवीची मुलं शाळेच्या आवारातल्या गवतात उतरवा. प्रत्येकाला एक मूठ गवत उपटू द्या आणि मग सांगा, की एवढ्यासाठी माणसं तुरुंगात गेली. भाषण ठेवू नका, पाहुणे बोलावू नका.