ऑनलाइन शेठ

यवतमाळ जिल्ह्यात कापूस आहे तिथे जिनिंग आहे, आणि जिनिंग आहे तिथे शेठ आहे. वणी घ्या, पांढरकवडा घ्या, नाही तर उमरखेड. पूर्वीचा शेठ लांबून ओळखू यायचा. केसांत रुई, भुवयांत रुई, चहाच्या बशीतही रुई. आताचा शेठ स्वच्छ असतो, कारण तो जिनिंगमध्ये नसतोच. तो नागपूरला कुणाच्या तरी लग्नात असतो आणि तिथून जिनिंग चालवतो.

एकेका रेच्याला, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला, सेन्सर बसलेले आहेत. मोटर किती करंट खाते, कोणता रेचा किती मिनिटं थांबला, हे सगळं शेठच्या मोबाइलवर उमटतं. हिरवा ठिपका म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. शेठच्या एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात हे ठिपके. भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हा अख्ख्या मांडवात खरोखर सावध असलेला माणूस तेवढाच.

“पाच नंबर काहून थांबला बे?”

“सुरी लावून राह्यलो, शेठ.”

“कितीक वेळ लागते?”

“तुमी फोन ठेवला का लावतो.”

फिटरचं हे बोलणं उद्धटपणाचं नाही. डबल रोलर रेच्यात चामड्याचे रूळ रुई ओढतात आणि सुरी सरकीला मागे अडवते. सुरी आणि रूळ यांचं जरा बिनसलं की सरकी फुटते, नाही तर रुई सरकीलाच चिकटून तेलाच्या घाण्याकडे जाते. मोबाइलवर मात्र हा बिघडलेला रेचाही हिरवागार दिसतो, आणि त्याला दुरुस्त करणारा माणूस लाल. म्हणून शेठच्या लेखी जिनिंगमधला सगळ्यात संशयास्पद इसम म्हणजे फिटर.

शेठला हसावं, पण बेतानं. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं आणि जिनिंगची कळा पालटू लागली. डोक्यावर टोपल्या वाहून बायांनी रेचे भरायचे, ते काम पुष्कळ ठिकाणी हवेच्या ओढीचे पाइप करू लागले. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी उडते. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली तर आतल्या आत धुमसत राहते आणि गोदामात गेल्यावर पेटते. पाइपातच ठिणगी टिपणारा सेन्सर शेठनं बसवला, त्याबद्दल त्याला नमस्कार. फक्त हंगामाच्या मुहूर्ताला पॅनेलच्या खोलीत त्यानं स्वतः कापूर लावला, तेव्हा तिथल्या धुराच्या सेन्सरनंही आपलं काम चोख बजावलं. भोंगा वाजला, सगळे रेचे बंद पडले आणि शेठच्याच मोबाइलवर शेठच्याच विरोधात संदेश आला. आरती अंगणात झाली.

गाठींवर त्याचा विशेष जीव. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, गाठीवर आता क्यूआर कोड असतो. स्कॅन केला की ती कोणत्या केंद्रावरची, कोणत्या कारखान्यातली, ते कळतं. सुमारे 170 किलोची ती गाठ शेठ स्थळ पाहायला आल्यासारखा न्याहाळतो आणि पाहुण्यांना तिचं कुळ वाचून दाखवतो. पाहुणे चहा कधी येतो ते पाहत असतात.

कॅमेरे तर जागोजागी. एकदा मांडवातूनच गर्जना झाली.

“तीन नंबरच्या कॅमेऱ्यात कापसाच्या गाडीवर कोण बसून राह्यलं? हाकला त्याले!”

“बाबूजी होय ते, शेठ.”

“कोणाचे?”

“तुमचेच.”

थोरले शेठ गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. मीटर वरवर टोचलं होतं आणि 9 दाखवत होतं. बाबूजींनी तळातून मूठभर कापूस काढला, दाबला, कानाशी नेला आणि म्हणाले, “बारावर आहे.” मीटर तळाशी घातलं, बारावरच निघाला. हे कळल्यावर धाकट्या शेठनं काय केलं असेल? लांब दांडीचं मीटर मागवलं. बाबूजींना कुणी काही विचारलं नाही.

शेतकरीही आता ऑनलाइन झाला आहे. 2025-26 च्या हंगामात हमीभावानं कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची, तारीख घ्यायची. त्या हंगामात लांब धाग्याचा भाव होता 8,110 रुपये क्विंटल. फाटकाशी पिकअपच्या सावलीत दहा माणसं आपापल्या मोबाइलमध्ये खाली माना घालून बसलेली दिसतात. शेठ कॅमेऱ्यातून त्यांना पाहतो आणि ते रिकामे बसलेत म्हणून हळहळतो.

फिटर मात्र हे सगळं मुकाट्यानं शिकत होता. हंगाम संपताना शेठ प्रत्यक्ष आला, तेव्हा त्यानं आपला मोबाइल पुढं केला. दोन हंगामांचा आलेख. मागच्या हंगामात रेचे किती थांबले, या हंगामात किती. लाल पट्टी निम्म्यानं आखडलेली. खाली त्यानं पगारवाढीचा आकडाही लिहून ठेवला होता.

शेठनं आलेख उलटसुलट करून पाहिला, मोठा करून पाहिला.

“हे बघ, असं आकड्यावरून नाई ठरत काई,” तो म्हणाला. “माणसाचं काम डोयानं पाहा लागते.”

“मंग या ना शेठ कधीमधी,” फिटर म्हणाला. “पाहाले.”